अक्कांचे दान

दशलक्षण पर्वाचा तिसरा दिवस, उत्तम आर्जवाचा. शिरोळ तालुक्यातील एका गावच्या जिनमंदिरात अभिषेक आटोपून पूजेला आरंभ झाला होता. पुढच्या ओळीत बसलेले अण्णा गेली तीस वर्षे पर्वाचे दहाही दिवस ही पूजा करीत आले होते. जल, चंदन, अक्षता, पुष्प, नैवेद्य, दीप, धूप आणि फळ हा अष्टद्रव्यांचा क्रम त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की मंत्र संपण्यापूर्वीच हात नेमक्या वाटीकडे वळे. त्या दिवशी मात्र अक्षतांचा मंत्र चालू असता त्यांचा हात दोनदा धुपाकडे गेला. तिसऱ्यांदा तो ताटावर अधांतरीच थांबला. अनोळखी घरात एखादी वस्तू शोधावी, तशी त्यांची नजर त्या ओळखीच्या ताटातून फिरत राहिली. शेजारच्या गृहस्थांनी हळूच अक्षतांची वाटी पुढे सरकवली आणि पूजा पुढे चालली.

बहुतेकांच्या हे ध्यानातही आले नाही. ज्यांच्या आले त्यांनी वयाचा दोष म्हणून ते मनाआड केले. स्त्रियांच्या बाजूला बसलेल्या अक्का मात्र पूजा संपेपर्यंत भावाच्या हाताकडेच पाहत होत्या. पर्वासाठी त्या माहेरी आल्या होत्या. अण्णांहून त्या सात वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेल्यामुळे या भावाला त्यांनीच भरवले, न्हाऊ घातले, पाटीवर बाराखडी गिरवून घेतली. साऱ्या गावाचे अण्णा अठ्ठावन्न वर्षांचे झाले तरी अक्कांच्या तोंडी ते ‘बाळ’च होते. आणि गेली सहा वर्षे त्या भावाच्या देहात अक्कांचे एक मूत्रपिंड काम करीत होते.

ती सहा वर्षांपूर्वीची हकिगत गावात सर्वांना ठाऊक होती. रक्तदाबाने अण्णांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी त्यांना मिरजेला न्यावे लागे. आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. जिवंत माणसाला अवयव द्यायचा तर तो मुख्यतः जवळच्या नातलगाला, म्हणजे आईवडील, मुले, भावंडे किंवा पतिपत्नी यांनाच देता यावा, असा त्याचा आशय आहे. २०११ सालच्या दुरुस्तीने त्यात आजीआजोबा आणि नातवंडेही आली. अण्णांच्या पत्नीचा रक्तगट जुळेना. मुलांचे वय पाहून अण्णांनीच त्यांना अडवले. तेव्हा अक्का पुढे झाल्या. एका मूत्रपिंडावर पुढचे आयुष्य कसे निभेल, अशी शंका त्यांच्या सुनेने काढली. अक्का म्हणाल्या, “आपल्या घरात पाणी गाळायला गाळणे एकच असते, त्यावर सारे घर चालते. मला एकटीला दोन कशाला हवीत?” पुण्यात शस्त्रक्रिया झाली. दहाव्या दिवशी अक्का हिंडू-फिरू लागल्या आणि महिन्याभरात अण्णा आपल्या बियाणे-खतांच्या दुकानात गादीवर येऊन बसले.

दुसऱ्याचा अवयव आपल्या देहात नांदवणे ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. दाता आणि रुग्ण हे एकसारखे जुळे भाऊ होते. रोनाल्ड हेरिकचे मूत्रपिंड रिचर्डच्या शरीराने निमूटपणे स्वीकारले, कारण त्याच्या दृष्टीने ते परके नव्हतेच. सख्ख्या बहीणभावांत तशी एकरूपता नसते. शरीरातील पांढऱ्या पेशी परके काय ते अचूक ओळखतात आणि त्यावर तुटून पडतात. म्हणून या पहारेकऱ्यांना जन्मभर गुंगीत ठेवावे लागते. १९६० नंतरच्या काळात अ‍ॅझाथायोप्रीन आणि स्टेरॉइड यांवर काम भागवले जाई. पुढे सायक्लोस्पोरिन आले. १९८४ साली जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून टॅक्रोलिमस मिळाले. अण्णांना टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि थोडे प्रेडनिसोलोन अशी तिहेरी औषधे होती.

टॅक्रोलिमसच्या गोळ्या बारा तासांच्या अंतराने घ्यायच्या, सकाळी आठला आणि रात्री आठला. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या अण्णांना याचे फार वाईट वाटे. चातुर्मासात गावी आलेल्या त्यागीजनांपाशी त्यांनी एकदा हे शल्य बोलून दाखवले. सोळाकारण भावनांत शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप असे शब्द आहेत, त्यांतील ‘शक्ती’ हा शब्द गाळून तप करू नये, असे उत्तर त्यांना मिळाले. तेव्हापासून अण्णा रात्री आठला णमोकार म्हणून घोटभर पाण्याबरोबर गोळ्या घेत. सहा वर्षांत त्यांची एकही वेळ चुकली नाही. क्रिएटिनिन १.३ च्या आसपास स्थिर होते. अक्कांचे मूत्रपिंड हे जणू आपल्याकडे ठेव म्हणून आले आहे आणि तिच्यात तिळमात्र तूट येता कामा नये, अशा भावनेने ते वागत.

मंदिरातून परतल्यावर अक्कांनी दुकानाची रोजकीर्द मागवली. एवढ्या वर्षांत त्यांनी ती कधी उघडून पाहिली नव्हती. गेल्या दीड महिन्याच्या पानांवर अण्णांचे ठसठशीत अक्षर हळूहळू उजवीकडे कलत आणि बारीक होत गेले होते. बेरजेत हातचे सुटले होते. एका पानावर तर एकच नोंद तीनदा होती. मुलाने मग कबूल केले की अण्णा हल्ली बोलताना शब्दासाठी अडतात आणि पेला हातातून निसटतो. टॅक्रोलिमसने हात थरथरतो हे ठाऊक असल्यामुळे त्याने ते मनावर घेतले नव्हते. पर्व संपण्याची वाट न पाहता अक्कांनी दुसऱ्याच दिवशी भावाला मिरजेला नेले.

एमआरआयमध्ये मेंदूत तीन गाठी दिसल्या. प्रत्येकीची कड उजळ होती आणि मध्यभाग काळसर, भोवती सूज. आपल्या देशात अशी कंगोरेदार गाठ दिसली की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि ते साहजिकच आहे. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात टोक्सोप्लाझ्मा, बुरशी किंवा इतर जंतूंमुळेही हुबेहूब असेच चित्र दिसते. गाठ क्षयाची असावी असे तिथल्या डॉक्टरांचे मत पडले आणि सूज धोकादायक वाटल्यामुळे त्यांनी स्टेरॉइडची मोठी मात्रा सुरू केली. चमत्कार व्हावा तसे अण्णा आठवड्यात सुधारले. शब्द आठवू लागले, हात स्थिरावला, क्षमावाणीला ते सर्वांच्या घरी जाऊन आले. घरात गोडधोड झाले.

क्षयाची औषधे चालू करण्यापूर्वी पुण्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारावे, असा आग्रह अक्कांनी धरला आणि तो योग्य ठरला. क्षयावरचे रिफाम्पिसिन हे औषध शरीरातील टॅक्रोलिमसचा झपाट्याने निचरा करते. त्याचा हिशेब न ठेवल्यास बसवलेले मूत्रपिंड नाकारले जाण्याची भीती असते. पुण्याच्या डॉक्टरांनी नवा एमआरआय काढला. गाठी लहान झाल्या होत्या. घरच्यांचे चेहरे खुलले, डॉक्टरांचा मात्र गंभीर झाला. स्टेरॉइडने इतक्या लवकर विरघळणारी गाठ क्षयाची असण्यापेक्षा लिम्फोमाची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाची, असण्याचा संभव अधिक. शिवाय स्टेरॉइडने त्या पेशी तात्पुरत्या नाहीशा होतात, तेव्हा तुकडा काढला तरी त्यात निदान सापडत नाही. मात्रा हळूहळू कमी करून थांबणे आले. पाचव्या आठवड्यात अण्णांना पुन्हा मुलाचे नाव आठवेना. कवटीला बारीक छिद्र पाडून सुईने गाठीचा कण काढण्यात आला. अहवालात दोन गोष्टी होत्या. गाठ बी-पेशींच्या लिम्फोमाची आहे आणि त्या पेशींत एप्स्टाइन-बार विषाणू आहे.

या विषाणूची कथा आफ्रिकेतून सुरू होते. युगांडात काम करणारे आयरिश शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९५८ साली तिथल्या लहान मुलांच्या जबड्यात वेगाने वाढणाऱ्या एका गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले. लंडनला त्यांचे व्याख्यान ऐकून अँथनी एप्स्टाइन यांना वाटले की यामागे एखादा विषाणू असावा. युगांडाहून विमानाने येणाऱ्या गाठींच्या तुकड्यांवर त्यांनी चिकाटीने काम केले आणि १९६४ साली इव्हॉन बार व बर्ट अ‍ॅचाँग यांच्यासह तो विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शोधून काढला. पुढे कळले की हा काही आफ्रिकेचाच पाहुणा नाही. जगातील दर दहा प्रौढांपैकी नऊहून अधिक जणांच्या देहात तो असतो. बहुधा बालपणीच, लाळेवाटे, भरवलेल्या घासातून तो येतो. किरकोळ ताप आणून किंवा काहीच न जाणवू देता तो बी-पेशींत शिरतो आणि जन्मभर तेथेच राहतो. टी-पेशी नावाचे पहारेकरी त्याच्यावर अखंड नजर ठेवतात, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. एकाच देहात असंख्य सूक्ष्म जीवांचा निवास असू शकतो, ही कल्पना जैन घरात वाढलेल्या माणसाला नवी नाही.

पहारेकरी गुंगीत गेले म्हणजे काय होऊ शकते, हे वैद्यकाला अनुभवानेच कळले. प्रत्यारोपणाची सुरुवात होऊन काही वर्षे लोटली तसे या रुग्णांत लिम्फोमा आढळू लागले. डेन्व्हर येथे डॉ. इस्रायल पेन यांनी १९६८ पासून अशा रुग्णांची पद्धतशीर नोंदवही ठेवायला घेतली. त्या नोंदींतून दिसले की हा लिम्फोमा या रुग्णांत विलक्षण प्रमाणात मेंदूत शिरतो. मेंदू रक्तापासून एका सूक्ष्म अडसराने राखलेला असतो आणि पहारा तिथे मुळातच विरळ. १९८४ साली डॉ. थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी केली की यांपैकी काही गाठी आपोआप विरतात. पहारेकरी जागे झाले की ते आपले काम पुन्हा करू लागतात. २०११ साली अमेरिकेत बेलाटासेप्ट या नव्या औषधाला मान्यता मिळाली, तेव्हाही या विषाणूची लागण पूर्वी कधीच न झालेल्या रुग्णांना ते देऊ नये अशी अट घातली गेली. कारण अशांत या लिम्फोमाचा, विशेषतः मेंदूतल्या लिम्फोमाचा, धोका जास्त दिसला होता.

हा आजार दुर्मीळ आहे हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. मूत्रपिंड बसवलेल्या शंभर जणांत एखाद-दोघांना अशा प्रकारचा लिम्फोमा होतो. केवळ मेंदूतच होणाऱ्यांची संख्या तर त्याहून पुष्कळ कमी. तो अनेकदा प्रत्यारोपणानंतर काही वर्षांनी, सारे सुरळीत चालले असता उद्भवतो. रक्ततपासणीत त्याचा मागमूस लागेलच असेही नाही.

डॉक्टरांनी हे सारे समजावून सांगितले तेव्हा खोलीत अण्णा, त्यांच्या पत्नी, थोरला मुलगा आणि अक्का होत्या. उपचारांची पहिली पायरी म्हणजे मायकोफिनोलेट बंद करायचे आणि टॅक्रोलिमस जेमतेम ठेवायचे. नंतर मेथोट्रेक्सेट आणि रिटुक्सिमॅब. मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत दिले तरच मेंदूपर्यंत पोहोचते, पण ते शरीराबाहेर पडते मूत्रपिंडावाटे आणि जाता जाता त्याला इजाही करू शकते. थोडक्यात, मेंदू वाचवण्याच्या प्रत्येक पायरीवर मूत्रपिंडाला धोका होता.

अण्णांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग एकेक शब्द शोधत ते म्हणाले, “गोळ्या कमी करायच्या नाहीत. अक्काचे आहे ते. मी... मी घालवणार नाही.”

पत्नीने विनवले, मुलाने समजावले. अण्णा मान हलवत राहिले. त्या रात्री आठ वाजता परिचारिकेने आणलेल्या गोळ्यांत मायकोफिनोलेट दिसले नाही, म्हणून त्यांनी घरून आणलेल्या डबीतून ते स्वतः काढून घेतले. लिहिताना कापणारा तो हात गोळीपाशी मात्र चुकला नाही.

अक्का तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून होत्या. त्यांच्याही मनाला एक काटा टोचत होता, तो त्यांनी कोणापाशी काढला नव्हता. डॉक्टर बाहेर येताच त्या उठल्या आणि हळू आवाजात विचारले, “डॉक्टर, तो विषाणू माझ्या मूत्रपिंडातून तर त्याच्याकडे गेला नाही ना?” डॉक्टरांनी जुनी फाइल मागवली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत दोघांच्याही रक्तात त्या विषाणूच्या जुन्या खुणा होत्या. तो अण्णांच्या देहात बालपणापासूनच असणार. इतक्या वर्षांनी होणारा असा लिम्फोमा बहुधा रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींतून उद्भवतो. अक्कांनी दोन्ही हात जोडले. मग त्या भावाच्या खोलीत गेल्या आणि उशापाशी बसल्या.

“बाळ, तुझी डबी माझ्याकडे दे.”

“नको अक्का. तुझे...”

“माझे काय? सहा वर्षांपूर्वी मी दिले तेव्हा ते माझे राहिले नाही. तू अजून ते माझेच समजून सांभाळतोस, म्हणजे मी दिलेच नाही असे झाले. महिन्यापूर्वी उत्तम त्यागाच्या दिवशी पंडितजी काय सांगत होते, ऐकलेस ना? दिल्यावरही ज्यावर मन राहते तो त्याग नव्हे.”

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आले. “गेले तर?”

“गेले तर गेले. मी मूत्रपिंड जगावे म्हणून तुला दिले नाही. तू जगावास म्हणून ते दिले.”

अण्णांनी डबी पुढे केली.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात दानाची जी व्याख्या केली आहे तिचा आशय असा की, अनुग्रहासाठी आपल्या वस्तूवरील स्वत्व सोडणे म्हणजे दान. वस्तू दुसऱ्याच्या हाती देणे हा त्याचा दिसणारा भाग. स्वत्व सोडणे हा न दिसणारा आणि अवघड भाग. चार दानांत अभयदानाची थोरवी विशेष गायली जाते. अक्कांनी आधी औषधाच्या मोलाचे दान दिले होते. त्या रात्री त्यांनी भावाला दानाच्या ओझ्यापासून मुक्त केले, ते खरे अभयदान. घेणाऱ्याच्या बाजूनेही या प्रसंगात शिकण्यासारखे काही आहे. अण्णांची कृतज्ञता निर्मळ होती, पण ती नकळत परिग्रहाचे रूप घेऊ लागली होती. जे जीवनासाठी मिळाले ते जीवनापेक्षा मोठे होऊन बसले होते. पैसा, घर, मानमरातब यांच्या परिग्रहाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. ऋणाचाही परिग्रह होऊ शकतो, हे फारसे कोणी सांगत नाही.

उपचार सात महिने चालले. मूत्रपिंडाची शक्ती पाहून मेथोट्रेक्सेटची मात्रा कमी ठेवली होती. प्रत्येक वेळी शिरेतून सोडा आणि भरपूर द्रव देऊन लघवी अल्कधर्मी राखावी लागे, मागोमाग ल्युकोव्होरिन देऊन औषधाचा विषारी परिणाम आवरावा लागे आणि रक्तातील प्रमाण खाली येईपर्यंत रोज मोजावे लागे. दुसऱ्या फेरीनंतर क्रिएटिनिन २.४ वर गेले. मुलाने तो आकडा अण्णांपासून लपवायचे ठरवले. अक्कांनी त्याला मोडता घातला. “खरे तेच सांग. त्याच्या देहाचा हिशेब त्याला कळलाच पाहिजे.” अण्णांनी आकडा ऐकला, अक्कांकडे पाहिले आणि पुढच्या फेरीची तारीख विचारली.

चौथ्या महिन्यातील एमआरआयमध्ये दोन गाठी नाहीशा झाल्या होत्या आणि तिसरीचा केवळ वण उरला होता. सातव्या महिन्यात तोही पुसट झाला. हा आजार झालेल्या सर्वांचे असे होत नाही. मेंदूतील लिम्फोमा अजूनही जीवघेणाच आहे आणि पुष्कळ घरांत ही कथा वेगळ्या तऱ्हेने संपते. उपचारांचे मार्ग मात्र वाढत आहेत. निरोगी दात्यांच्या टी-पेशींना या विषाणूची ओळख पढवून त्या रुग्णाला देण्याच्या उपचाराला युरोपात डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. पूर्वीचे उपचार लागू न पडलेल्यांसाठी तो आहे. झोपलेल्या पहारेकऱ्यांच्या जागी दुसऱ्याच्या घरचे जागे पहारेकरी पाठवावेत, असाच हा प्रकार.

अण्णांचा मेंदू वाचला. मूत्रपिंड वाचले नाही. ते एका दिवसात गेले नाही. दीड वर्ष हळूहळू मंदावत गेले आणि एका पावसाळ्यात अण्णांना पुन्हा डायलिसिस सुरू करावे लागले. आता आठवड्यातून तीन दिवस ते पुन्हा मिरजेला जातात. पुन्हा प्रत्यारोपणाचा विचार करायचा तर लिम्फोमा पूर्ण गेल्यानंतर काही काळ थांबावे लागेल, असे डॉक्टर म्हणतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आता जवळजवळ थांबली आहेत. त्यामुळे त्या विषाणूवरील पहारा पूर्ववत झाला आहे, एवढे समाधान त्यात आहे. रात्री आठची गोळीही आता राहिली नाही. सूर्यास्तानंतर अण्णा पुन्हा पाणी घेत नाहीत. डायलिसिसमध्ये पाणी मोजूनच प्यायचे असते, तेव्हा डॉक्टरांचीही त्याला हरकत नाही.

या घराच्या अनुभवातून आपल्या समाजातील कुटुंबांनी काही गोष्टी मनाशी बांधून ठेवाव्यात. ज्यांच्या घरी प्रत्यारोपण झालेला माणूस आहे त्यांनी त्याच्या वागण्याबोलण्यातील बारीक बदलही वयाच्या नावावर टाकू नये. शब्द न आठवणे, अक्षर बदलणे, तोल जाणे, एका हातातील शक्ती कमी होणे, नवी डोकेदुखी किंवा झटका यांपैकी काहीही दिसले तर प्रत्यारोपण करणाऱ्या तज्ज्ञांना त्याच दिवशी कळवावे. बाहेरच्या कोणत्याही डॉक्टरांनी नवे औषध दिले तर आधी त्यांना विचारावे. आणि हे वाचून भीतीपोटी कोणीही आपल्या गोळ्या स्वतः कमी करू नयेत किंवा बंद करू नयेत. तो निर्णय तज्ज्ञांचाच. मूत्रपिंड बसवलेल्या माणसाने डॉक्टरांना न विचारता निर्जळी उपवास धरू नये. शरीरात पाणी कमी पडले तर नव्या मूत्रपिंडाला त्याचा फटका बसतो. आपल्या धर्माने तपाला शक्तीची मर्यादा घातली आहे, ती अशाच वेळेसाठी.

डायलिसिस पुन्हा सुरू झाले त्या वर्षीचे दशलक्षण पर्व आले तेव्हा अक्का नेहमीप्रमाणे माहेरी आल्या. त्यांचे उरलेले एक मूत्रपिंड उत्तम चालू आहे, वर्षातून एकदा त्या तपासून घेतात. अण्णा पूजेला बसले. हात आता सावकाश चालतो, उजव्या हाताची दोन बोटे अजून जड आहेत. जल, चंदन, अक्षता. प्रत्येक द्रव्यापाशी ते किंचित थांबत होते आणि थांबून अचूक वाटी उचलत होते.

क्षमावाणीच्या दिवशी अण्णांनी अक्कांपुढे हात जोडले. दरवर्षी जोडत तसेच, पण या खेपेला ते बराच वेळ खाली आले नाहीत.

“अक्का, तुझे दिलेले मला राखता आले नाही. क्षमा कर.”

अक्कांनी त्यांचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाल्या, “कशाची क्षमा? मी दिले होते त्याचे काम झाले. चल, पाणी गाळून ठेव, सूर्य मावळायला आला.”